देलिया आत्याची सगळी भावंडं

नाही नाही, तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला पत्ता सापडला नाही असं झालंय का कधी? मी सांगतो, नाही झालेलं! क्लेअर परगण्याच्या पश्चिमेकडची एकूण एक वाट मी सायकलवरून तुडवलीय, पावसात, वाऱ्यात, मागे कुत्री लागलेली असताना! 'मायकेलची विधवा, पुलाच्या पलीकडे' एवढंच लिहिलेलं पाकीटसुद्धा पोचवलंय, आणि पुलाच्या पलीकडे मायकेलच्या विधवा तीन होत्या! आणि असा मी, ऑस्टिन कॉन्सिडाइन, वय वर्षं एकाहत्तर, आपल्याच घरातल्या मेलेल्या माणसांची यादी करायला बसतो आणि चार महिने... चार महिने हो!... साधं काम होतं. नुसती एक यादी!

झालं काय, आमची देलिया आत्या. माझ्या वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण, वय चौऱ्याण्णव, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलंही नाही. बाकीची भावंडं गेली, ही एकटी चुलीशेजारच्या खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवून. एका रविवारी मला म्हणते, "ऑस्टिन, माझे आता थोडे दिवस राहिले." हे ती मी शाळेत होतो तेव्हापासून म्हणतेय, म्हणून मी चहा ढवळत राहिलो. तर म्हणते, "आईबापाच्या थडग्यावर धड दगड नाही. दगड बसव. आणि त्यावर माझ्या सगळ्या भावंडांची नावं घाल. सगळी!" म्हटलं, "बरं आत्या." "काय म्हणाले मी?" "सगळी." "पुन्हा म्हण." "सगळी, आत्या!" "सगळी म्हणजे सगळी, गधड्या. आणि मी डोळे मिटायच्या आत." आता मला काय ठाऊक हो, ती त्या एका शब्दावर एवढी का अडून बसलीय? मी म्हटलं, वय झालं, अडकली असेल सुई.

नावं तर मला पाठच होती. आमच्या घरी माळ जपून झाली की शेवटी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना व्हायची, गुडघे फुटेपर्यंत! थॅडी, म्हणजे माझे वडील, मग ब्रिजेट, सुझन, सेनन, पेगी, नॅन्स, मायकेल आणि ही देलिया. आठ. हाताची बोटं संपायच्या आत यादी संपली. पण दगड घडवणारा म्हणतो, "सालं पाहिजेत. जन्म आणि मृत्यू. अंदाजे चालणार नाही, दगड आहे, पाटी नाही." म्हटलं, आणतो. त्यात काय? देवळात बाप्तिस्म्याची वही असते, सरकारची जुनी शिरगणती असते, तासाभराचं काम!

तासाभराचं! ऐका आता.

आमच्या देवळाचं ऑफिस मंगळवारी उघडतं, दहा ते बारा, आणि त्यातला पाऊण तास ब्रीडाबाई चहा पितात. ब्रीडाबाई म्हणजे तिथल्या चिटणीस. फादर सांगतात ते देवाचं म्हणणं, आणि ब्रीडाबाई सांगतात ते शेवटचं म्हणणं. त्या वह्या अशा जपतात, अशा जपतात, की पान मी उलटायचं नाही, त्या उलटणार, तेही चष्मा पुसून झाल्यावर. आणि आतलं अक्षर! त्या काळचा फादर घोड्यावर बसून लिहायचा की काय, देव जाणे! सगळं लॅटिनमध्ये, वर ओल आलेली, अर्ध्या पानाला कसर लागलेली. सुझनचं साल काढायला मला तीन मंगळवार लागले. तीन! आणि मधेच मी विचारलं, "हिच्या आधी कुणी आहे का हो? इथे डाग पडलाय." तर चष्म्यावरून बघत म्हणतात कशा, "कागदावर आहे का?" म्हटलं, "नाही." "मग नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कागदावर आहे का? नाही? मग नाही! मला वाटतं, उद्या त्यांच्यासमोर कुणी बुडत असेल तर आधी कागद मागतील.

बरं, आठही बाप्तिस्मे मिळाले. मग वाचनालयात गेलो, शिरगणती आता संगणकावर आहे, फुकट, शंभर वर्षांपूर्वीचा घरटी कागद जसाच्या तसा दिसतो, घरमालकाच्या सहीसकट. आणि काय सांगू तुम्हाला, काय खोटारडी माणसं! माझे पणजोबा, म्हातारे ऑस्टिन, एकोणीसशे एकच्या कागदात वय अठ्ठावन्न, आणि एकोणीसशे अकराच्या कागदात चौऱ्याहत्तर! दहा वर्षांत माणूस सोळा वर्षांनी म्हातारा! का? तर मधल्या काळात सत्तरी ओलांडलेल्यांना सरकार पेन्शन देऊ लागलं. अख्ख्या गावात तेच! रात्रीत सगळे म्हातारे झाले! आणि बायका उलट्या दिशेने चाललेल्या. शेजारची कॅथरीन पहिल्या कागदात एकोणतीस, दुसऱ्यात तेहेतीस. मी तिथे बसून एवढा हसलो की वाचनालयातल्या बाईंनी पाणी आणून दिलं.

आता या म्हाताऱ्या ऑस्टिनचं सांगायलाच हवं, कारण माझं नाव त्यांचं, आणि त्या नावापायी मी आयुष्यभर टोमणे खाल्लेत. आमच्याकडे रीत आहे. पहिला मुलगा, त्याला बापाच्या बापाचं नाव. दुसरा मुलगा, आईच्या बापाचं. तिसरा, खुद्द बापाचं. यात फरक नाही, चर्चा नाही, विचारायचंच नाही. आणि माझ्या आजोबांनी, सेनन कॉन्सिडाइननी, काय केलं? पहिला मुलगा झाला आणि त्याचं नाव ठेवलं थॅडी! बायकोच्या बापाचं! जन्मदाता बाप म्हातारा ऑस्टिन समोरच्या घरात जिवंत बसलेला, आणि नातवाला नाव सासऱ्याचं! हा अपमान हो! भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं! तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. कारण काय तर म्हणे एका शेतावरून बापलेकांचं फाटलं होतं. कुठलं शेत, कुणी सांगत नाही, पण भांडण मात्र पिढ्यान् पिढ्या नीट सांभाळलं. त्या घरातला आजचा माणूस कॉनी, माझ्याच वयाचा, माझ्या आजोबांच्या भावाचा नातू, म्हणजे माझा चुलत चुलत भाऊ, आणि चाळीस वर्षं मी त्याच्या दारात टपाल टाकलं, त्याने घेतलं, आणि एक शब्द नाही! 'पाऊस आहे' एवढंसुद्धा नाही! आणि क्लेअरमध्ये दोन माणसं भेटली आणि पावसावर बोलली नाहीत, म्हणजे समजा खून व्हायचाच बाकी.

आणि एवढं सगळं असताना, मी जन्मलो तेव्हा काय झालं? वडिलांचा मी पहिला मुलगा, रीतीप्रमाणे मी सेनन व्हायला हवा. तर आजी, ऑनर आजी, जी जन्मात कुणाशी वरच्या आवाजात बोलली नाही, ती उठून म्हणाली, "ऑस्टिन ठेवा." वडील म्हणाले, "आई, शत्रूचं नाव?" "ऑस्टिन ठेवा." बस्स. ठेवलं! म्हणून शाळेत मला पोरं म्हणायची, ए फितूर.

असो. तर त्या अकरा सालच्या कागदात मी आता आजोबांचं घर उघडलं. त्या वर्षीच्या शिरगणतीत एक जास्तीचा खण होता, लग्न झालेल्या बाईसाठी. लग्नाला वर्षं किती, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. लग्नाला वर्षं तेरा. हयात पाच. बरोबर, सुझन गोवराने गेली होती, मायकेल आणि देलिया अजून जन्मायची होती. जन्मलेली...

सात.

म्हटलं, चुकलं. बाप्तिस्मे अकरा सालापर्यंत सहा. मी मोजले होते, ब्रीडाबाईंनी मोजले होते. मी तोंड पडद्याला लावलं, नीट बघितलं. तिथे आधी सहा लिहिलेलं होतं. मग ते आडवी रेघ मारून खोडलं होतं, आणि वर, दाबून, शाई फुटेपर्यंत दाबून, सात.

तुम्हाला सांगतो, मी तिथे किती वेळ बसलो मला आठवत नाही. कारण मला ते सगळं दिसायला लागलं. कागद गोळा करायला पोलीस यायचा त्या काळी, म्हणजे दारात शिपाई उभा, आजोबा टेबलाशी लिहितायत, विचारतायत स्वतःशीच, 'मुलं... सहा', लिहितात सहा... आणि मागून ती. जी जन्मात वरच्या आवाजात बोलली नाही, ती. सरकारी माणसासमोर, राजाच्या कागदावर. "सात."

देवळाच्या वहीत नाही. सरकारच्या जन्मनोंदीत नाही, तीही मी उघडून बघितली. माळेच्या शेवटी घेतलेल्या नावांत नाही. अख्ख्या जगात एका आकड्यात!

मंगळवारी गेलो ब्रीडाबाईंकडे. म्हटलं, सातवं मूल कुठंय? त्यांनी वही बघितली, मला बघितलं, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऑस्टिन, कागदावर नाही म्हणजे बाप्तिस्मा झालेला नाही. आणि बाप्तिस्मा नाही..." आणि त्यांनी वही मिटली. पुढचं बोलायची गरजही नव्हती. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे मूग गिळून बसतात. फादर पोचायच्या आत पोर गेलं, तर त्याला वहीत जागा नाही, पवित्र जमिनीत जागा नाही. बापाने एकट्याने एका पेटीत घालून न्यायचं, लिशीनमध्ये, म्हणजे कुठल्यातरी शेताच्या कोपऱ्यात, काट्याच्या झुडपाखाली, आणि उशाला एक साधा धोंडा ठेवून घरी यायचं, आणि सकाळी गाई पिळायच्या. त्या पोराला स्वर्गही नाही आणि नरकही नाही, मधे कुठेतरी एक खोली होती म्हणे त्यांच्यासाठी. आता ऐकतो, पोपनी ती खोली बंद केली. बरं झालं! पण मग आतली पोरं कुठे हलवली? नवा पत्ता दिलाय का कुणी? पोस्टमन आहे मी, मला विचारायला नको?

रागावलो मी, हो! इतका रागावलो की सायकल तिथेच विसरून चालत आत्याकडे गेलो. साधं काम होतं! नुसती एक यादी! आत शिरलो तो ओरडतच, "आत्या, सात! आजीला अकरा सालापर्यंत सात मुलं झाली, सहा नाही! म्हणजे तुम्ही एकूण नऊ!"

आणि आत्याने काय करावं? तिने चहाचा कप खाली ठेवला. इतकी शांत! म्हणते, "सापडलं?"

सापडलं म्हणे! म्हणजे बाईला माहीत होतं! चार महिने मी धूळ खातोय, लॅटिन खातोय, ब्रीडाबाईंचे टोमणे खातोय, आणि ही चुलीशेजारी बसून...! म्हटलं, "तुला ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस?" तर मान ताठ करून म्हणते, "आईला शब्द दिला होता. बोलणार नाही म्हणून. ती नाही बोलली, मी नाही बोलले. तू शोधलंस. मी बोलले का? सांग, मी एक अक्षर बोलले का?" "नाही आत्या." "मग झालं तर. माझा शब्द शाबूत आहे." आणि कप पुन्हा उचलला!

म्हटलं, "नाव काय होतं?" गप्प. "अगं, दगडावर काय लिहू? आठ नावं आणि एक आकडा?" गप्प. "मुलगा होता की मुलगी?" भिंतीकडे बघते! तोंडाला कुलूप! चौऱ्याण्णव वर्षांची बाई, उद्याचा भरवसा नाही, हिची एवढी एक इच्छा, आणि हीच अडवून बसलीय! मी डोकं धरून बसलो. आणि सवयीने पुन्हा यादी म्हणायला लागलो, बोटांवर, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. मुलगे: थॅडी, आईच्या बापाचं नाव, हे रीतीने दुसऱ्या मुलाचं. सेनन, खुद्द बापाचं नाव, हे तिसऱ्याचं. मायकेल, काकाचं, हे चौथ्याचं. दुसरा, तिसरा, चौथा...

अहो, दुसरा, तिसरा, चौथा!

रीत कुणी मोडलीच नव्हती. शेत नव्हतं, अपमान नव्हता, काही नव्हतं! पहिल्या मुलाचं नाव पहिल्या मुलालाच दिलेलं होतं. म्हाताऱ्या ऑस्टिनच्या हिशेबात बाप्तिस्मा नाही म्हणजे ते पोर नाही, म्हणजे ते नाव अजून शिल्लक आहे, पुढच्याला द्या. आणि ऑनर आजीच्या हिशेबात ते दिलेलं होतं, परत घ्यायचं नव्हतं. ती एकोणीस वर्षांची होती. ती कुणाला समजावत बसली नाही. आणि आम्ही? आम्ही काय केलं? आम्ही त्यावर शंभर वर्षं भांडण केलं! तेही नसलेल्या शेतावरून!

मी म्हटलं, "ऑस्टिन."

आत्याने भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याच्याबद्दल मी बोलणार नाही. तुझ्याबद्दल बोलले तर शब्द मोडत नाही." म्हटलं, "बोल." "तू वर्षाचा होतास. आई तुला कडेवर घ्यायची आणि समोरच्यांच्या शेतात शिरायची, कॉनीच्या आजोबांच्या. ते खिडकीतून बघायचे, पण हटकत नसत. कोपऱ्यातल्या काट्याच्या झुडपापाशी जाऊन तुला खाली उभं करायची आणि म्हणायची, 'ऑस्टिन, हा बघ ऑस्टिन.'" मग म्हणाली, "चहा निवला. दुसरा ओत."

ओतला मी. काय करणार! रडत रडत चहा ओतला, बशीत जास्त, कपात कमी. आणि बाई म्हणते, "किती सांडतोस रे!"

मग दगड. दगडवाल्याने आठ नावं आठ सालांसकट कोरली. नवव्यापाशी त्याचं घोडं अडलं. "साल?" म्हटलं, अठराशे नव्व्याण्णव, आजीचं लग्न आणि थॅडीचा जन्म यांच्या मधलं तेवढं एकच साल. "जन्म की मृत्यू?" म्हटलं, दोन्ही. त्याने हत्यार खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग त्या नावाला सगळ्यात वर जागा काढली. आत्याला थडग्यापर्यंत नेणं शक्य नव्हतं, तिला फोटो नेऊन दाखवला. तिने एकेका नावावर बोट फिरवलं. नऊ. दोनदा मोजली. शेवटच्या नावापुढे, तिच्या स्वतःच्या, मृत्यूच्या सालाची जागा रिकामी होती. म्हणते, "आता हे एवढंच राहिलं. ते माझ्याकडे लागलं." तेवीस दिवसांनी तिने तेही काम उरकलं.

अंत्यविधीला सगळं गाव. आमच्याकडे एकेक जण येतो, हात हातात घेतो, तुझ्या दुःखाबद्दल वाईट वाटलं म्हणतो, पुढे सरकतो. कॉनी आला. हात धरला. त्याची नजर माझ्या खांद्यावरून दगडाकडे गेली, सगळ्यात वरचं नाव त्याने वाचलं, आणि हात काही सोडेना. बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याच्या शेताच्या कोपऱ्यातल्या त्या झुडपाभोवती गुरं येऊ नयेत म्हणून नवी तार. धोंडे साफ केलेले. सगळे. एकवीस आहेत हो, मी मोजले. एकवीस घरं माळेच्या शेवटी गप्प बसत होती.

तर संपलं ना इथे? संपायला हवं होतं! पण नाही. नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात देवळात पॅरिशमधल्या, म्हणजे त्या देवळाच्या हद्दीतल्या, सगळ्या मेलेल्यांची नावं वाचतात, आणि ती यादी करतात कोण? ब्रीडाबाई! कशावरून? त्यांना दगडही कागदच! गेल्या उन्हाळ्यात स्मशानात हिंडून नवे दगड उतरवून घेतलेले. मी तिसऱ्या बाकावर, मागे शेजारीपाजारी, आणि फादर आपले एकसुरात वाचतायत, वाचतायत... "ऑस्टिन कॉन्सिडाइन."

अख्खं देऊळ माझ्याकडे वळलं. एक म्हातारी तर चक्क छातीवर क्रूस काढायला लागली. आणि मी तिथे बसलेलो, जिवंत, नवा कोट घालून, आणि मला काय वाटलं सांगू? ज्या देवळाने त्याला एक ओळ दिली नाही, त्या देवळात, मोठ्याने, भर सभेत... एकशे दहा वर्षांनी पत्ता लागला हो. टपाल उशिरा पोचलं, पण पोचलं. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कॉनी वाकला. तीन पिढ्यांत त्या घरातून या घराशी पहिला शब्द! कानाशी येऊन म्हणतो, "ऑस्टिन, तुझ्याबद्दल फार वाईट वाटलं."

म्हटलं, आभारी आहे. म्हणतो, "पाऊस आहे बाहेर." म्हटलं, आहे.

बाहेर आलो तर ब्रीडाबाई धावत, तोंड पांढरं. "ऑस्टिन, माझं चुकलं का रे? तू तर... यादी कपाटात जायचीय, खोडू का नाव?" हातात पेन! टोपण काढलेलं!

म्हटलं, "खोडू नका बाई. कागदावर आहे ना? मग आहे. राहू द्या तसंच... तेच नाव आहे, एक-दोन वर्षांत मलाही लागणारच, तेव्हा तेवढं पुन्हा लिहायचं वाचेल."